तिरकोजीच्या दारावर चाक

समुद्र होता. समुद्राच्या काठी वाळू होती. वाळूच्या काठी दमूकाकाचं घर होतं. घराच्या अंगणातही वाळूच होती.

आणि त्या वाळूत होतं एक भोक. एवढंसं. बोट जाईल एवढं.

त्या भोकात राहायचा तिरकोजी.

तिरकोजी म्हणजे खेकडा. बोराएवढा. आठ पाय, दोन नांग्या. दोन डोळे, काडीवर लावल्यासारखे. चालायचा तिरका. बोलायचा मात्र सरळ.

तिरकोजीचं घर छान होतं. आत गार. बाहेर ओटा. ओटा त्याने परवाच बांधला होता. घरातली वाळू बाहेर ओतली. ओतली आणि थापली. थाप थाप थाप. झाला ओटा! कसा? खालून टणक, वरून उबदार. तेव्हापासून सकाळी तिरकोजी ओट्यावर बसायचा आणि समुद्राकडे बघायचा. समुद्र काही त्याच्याकडे बघायचा नाही. पण तिरकोजीला राग यायचा नाही.

दमूकाकाची एक गाडी होती. वाळूगाडी. तिला जाड जाड चार चाकं. मोठी माणसं तिला एटीव्ही म्हणतात. सुट्टीत पाहुणे यायचे. गाडीवर बसायचे. वाळूत चक्कर मारायचे. भुर्र भुर्र!

एकदा काकाने गाडी समुद्रात घातली. लाटेत फोटो छान येतो म्हणून.

फोटो छान आला. बेअरिंग गंजलं.

बेअरिंग म्हणजे काय? बेअरिंग म्हणजे लोखंडाचं कडं. कड्यात चकचकीत गोळ्या. गोळ्या फिरतात, म्हणून दांडा फिरतो. दांडा फिरतो, म्हणून चाक फिरतं. गोळ्या गंजल्या, की सगळंच संपलं. चाक डुगडुग. दांडा खडखड. बेअरिंग खर्र खर्र.

"मेस्त्री कशाला?" दमूकाका म्हणाला. "घरीच बदलतो. अर्ध्या तासाचं काम!"

हे तो परवा म्हणाला.

परवापासून गाडी विटांवर उभी. मागचा दांडा बाहेर. मागचं चाक भिंतीला टेकून. आज काकालाच भिंतीला टेकायचं होतं. म्हणून त्याने चाक उचललं आणि अंगणात आडवं ठेवलं.

धप्प!

कुठे ठेवलं? नेमकं तिरकोजीच्या दारावर.

तिरकोजी तेव्हा घरी नव्हता. जरा खायला बाहेर गेला होता. परत आला, तर काय? ओटा आहे, पण दार नाही! दारावर चाक. जाड, काळं, जड.

आणि कुंपणावर? कुंपणावर बगळा. पांढरा, उंच, एका पायावर उभा. एक डोळा मिटलेला. दुसरा डोळा तिरकोजीवर.

"अरे बाप रे!" तिरकोजी म्हणाला. "दार नाही, तर मी लपू कुठे?"

तो चाकाजवळ गेला. तिरका तिरका, तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, जरा उठा ना!
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

चाक म्हणालं, "उठेन की! कोण नाही म्हणतं? पण आधी दांडा आत शिरू दे. मग मी उठेन."

बगळा कुंपणावरून खाली उतरला. टप्प. आणि आकाशाकडे बघू लागला. जसं काही त्याचं काम आकाशातच होतं.

निघाला तिरकोजी. तिरका तिरका, तुरुतुरु.

दांडा गोणपाटावर लोळत पडला होता. लांबच लांब. अंगभर ग्रीस. काका त्याला एक्सल म्हणायचा. दांड्याला ते नाव आवडायचं.

"दांडेभाऊ, दांडेभाऊ, आत शिरा ना!
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

दांडा म्हणाला, "शिरेन की! कोण नाही म्हणतं? पण आधी नवं बेअरिंग बसू दे. मग मी शिरेन."

आणि त्याने कूस बदलली. गडगड.

बगळ्याने एक पाऊल टाकलं. टप्प. आणि पंख साफ करू लागला.

निघाला तिरकोजी. तिरका तिरका, तुरुतुरु.

नवं बेअरिंग खिडकीत बसलं होतं. खोक्यात, तेलाच्या कागदात. एकदम चकचकीत. अजून एक दिवसही काम केलेलं नव्हतं, म्हणून फार खुशीत होतं.

"बेअरिंगराव, बेअरिंगराव, जागेवर बसा ना!
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

नवं बेअरिंग म्हणालं, "बसेन की! कोण नाही म्हणतं? पण मी अंगाने भरलेलं. गाडीतलं माझं घर तंग. गारठलं, तर अंग जरा आकसेल. आधी फ्रीजने मला आत घेऊ दे. मग मी बसेन."

बगळ्याने एक पाऊल टाकलं. टप्प. आणि वाळूत काहीतरी शोधू लागला. काही हरवलेलं नव्हतं, तरी शोधू लागला.

निघाला तिरकोजी. तिरका तिरका, तुरुतुरु. पायरीवर चढला. उंबरा ओलांडला. थेट स्वयंपाकघरात!

तिथे उभा होता फ्रीज. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. घुर्र घुर्र.

"फ्रीजमामा, फ्रीजमामा, आत घ्या ना!
बेअरिंग काही बसेना,
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

फ्रीज म्हणाला, "घेईन की! कोण नाही म्हणतं? मागच्या खेपेलाही घेतलं होतं. उघडंच ठेवलं काकाने. सोलकढीला ग्रीसचा वास आला, आणि बोलणी मी खाल्ली! आता तर जागाच नाही. बर्फाच्या कप्प्यात सुरमई आडवी पडलीय. आधी सुरमई बाहेर येऊ दे. मग मी घेईन."

बाहेर पायरीवर आवाज आला. टप्प.

फ्रीजने दाराची फट केली. आतून गार गार वारा आला. तिरकोजीने फटीत डोळे घातले. दोन्ही.

आत सुरमई. बर्फाच्या गादीवर आरामात.

"सुरमईताई, सुरमईताई, बाहेर या ना!
फ्रीज आत घेईना,
बेअरिंग काही बसेना,
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

सुरमई म्हणाली, "येईन की! कोण नाही म्हणतं? पण अशी? चारचौघांत? अंगावर काही नको? मला लाल मसाल्याची शाल हवी. लसूण, मिरची, कोकम. खलात कुटलेला मसाला हं. मिक्सरचा नको, त्याने अंगाला खाज येते. आधी काकीला मसाला कुटू दे. मग मी येईन."

बाहेर उंबऱ्यावर आवाज आला. टप्प.

निघाला तिरकोजी. तिरका तिरका, तुरुतुरु.

पदूकाकी लसूण सोलत बसली होती. समोर खल. खलात मिरच्या. मिरच्या अख्ख्याच्या अख्ख्या.

काकीने खाली पाहिलं. "तू रे कोण? कालवणात घालावं, तर चमचाभरसुद्धा व्हायचा नाहीस!"

तिरकोजी जरा मागे सरकला. म्हणजे बाजूला सरकला. आणि म्हणाला,

"काकी काकी, मसाला कुटा ना!
सुरमई बाहेर येईना,
फ्रीज आत घेईना,
बेअरिंग काही बसेना,
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

काकी म्हणाली, "कुटेन की! कोण नाही म्हणतं? पण कुटू कशाने? कपाळाने? परवापासून माझा पितळी बत्ता गायब आहे. आधी बत्ता मिळू दे. मग मी कुटेन."

मग काकीने खिडकीतून हाक मारली. "अहो! माझा बत्ता पाहिलात का?"

अंगणातून काका म्हणाला, "कुठला बत्ता?"

"घरात बत्ते आहेत किती?"

मग अंगणातून नुसतेच आवाज आले. खट खट. खुट खुट. काम जोरात चालू असल्याचे.

"ऐकलंस?" काकी तिरकोजीला म्हणाली. "बत्त्याचं नाव काढलं, की यांना काम सुचतं. जा, तूच विचार जा."

तिरकोजी दाराशी आला. बगळा दाराशीच होता. तिरकोजी केरसुणीच्या मागून गेला. चपलेच्या खालून गेला. बादलीच्या आडून गेला. तिरका तिरका, तुरुतुरु!

बगळा वळला. टप्प.

काका डबड्यावर बसला होता. हातात हातोडी. पायाशी पाने, पकड, नट आणि कालचा चहाचा कप. गाडीकडे असं बघत होता, जसं काही चूक गाडीचीच आहे.

"काका काका, बत्ता द्या ना!
काकी मसाला कुटेना,
सुरमई बाहेर येईना,
फ्रीज आत घेईना,
बेअरिंग काही बसेना,
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

"श्श! हळू!" काका म्हणाला. त्याने खिडकीकडे पाहिलं. "देईन की! कोण नाही म्हणतं? पण तुला यातलं काय कळतं? बेअरिंग ठोकायला पितळच लागतं. लोखंडाने ठोकलं, तर गाडीला घाव बसतो. आधी जुनं बेअरिंग निघू दे. मग मी बत्ता देईन."

"आणि बत्ता आहे कुठे?" तिरकोजीने सरळ विचारलं.

"आहे," काका म्हणाला. "आहे आपला. जाईल कुठे?"

आणि तो डबड्याखाली वाकून बघू लागला.

बगळ्याने एक पाऊल टाकलं. टप्प.

निघाला तिरकोजी. तिरका तिरका, तुरुतुरु. विटांवर चढला. गाडीच्या पोटात शिरला. तिथे अंधार. तिथे ग्रीसचा वास. आणि तिथे जुनं बेअरिंग, आपल्या घरात घट्ट रुतून बसलेलं. गंजलेलं, लाल लाल.

"बेअरिंगआजोबा, बेअरिंगआजोबा, आता निघा ना!
काका बत्ता देईना,
काकी मसाला कुटेना,
सुरमई बाहेर येईना,
फ्रीज आत घेईना,
नवं काही बसेना,
दांडा काही शिरेना,
चाक काही उठेना,
माझं दार उघडेना,
बगळा डोळा मिटेना!"

जुनं बेअरिंग म्हणालं, "निघेन की! कोण नाही म्हणतं? मला काय इथे हौस आहे? पण आपणहून निघता येत नाही मला. आधी काकाला बत्त्याने ठोकू दे. मग मी निघेन."

"बत्ता तर काकाकडे आहे!"

"काकाकडे?" जुनं बेअरिंग हसलं. खर्र खर्र. "अरे, परवाच बत्ता त्याच्या हातातून निसटला. माझ्या कडेवर आपटला. ठण्ण! आणि उडाला वाळूत. गुडूप! तेव्हापासून काका शोधतोय. काकीला दिसणार नाही, अशा बेताने शोधतोय. म्हणून सापडत नाही."

"वाळूत कुठे?"

"ते मला काय ठाऊक? मला वाकून बघता येत नाही."

तिरकोजी खाली उतरला.

आता विचारायचं कुणाला? कुणीच उरलं नाही. सगळ्यांना विचारून झालं. सगळे हो म्हणाले. एकही नाही म्हणाला नाही. आणि दार बंद ते बंदच.

तिरकोजी आपल्या ओट्यावर जाऊन बसला. घर गेलं होतं. ओटा तेवढा उरला होता. टणक आणि उबदार.

समोरून आवाज आला. टप्प.

तिरकोजीने पाय पोटाशी घेतले. एक नांगी ओट्यावर आपटली. टिक.

टिक?

वाळू कधी टिक म्हणते का? वाळू म्हणते फस्स.

त्याने पुन्हा आपटली. टिक टिक.

तिरकोजी विचार करू लागला. ओटा कधी बांधला? परवा. बत्ता कधी उडाला? परवा. ओटा खालून टणक का? ओटा वरून उबदार का?

"अगंबाई!" तिरकोजी म्हणाला. हे त्याने काकीचं उचललं होतं.

पण मग ओटा मोडायचा? घर तर नाहीच. आता ओटाही मोडायचा? स्वतःच्या नांगीने? तिरकोजीचे दोन डोळे खाली गेले. दोन डोळे वर आले.

टप्प. बगळ्याची सावली ओट्यावर पडली.

तिरकोजीने नांग्या रोवल्या. खरवड खरवड. खरवड खरवड. वाळू उडाली मागे. वाळू उडाली पुढे. ओटा अर्धा गेला. ओटा पाऊण गेला. आणि आत काहीतरी चमकलं. पिवळं पिवळं!

"बत्ता! बत्ता!" तिरकोजी ओरडला. पण बोराएवढ्याचा आवाज केवढा? खिडकीपर्यंतसुद्धा जाईना.

बगळ्याने मान मागे घेतली. चोच खाली केली. नेम धरला. नेम धरला समोरचा.

पण तिरकोजी समोर पळतो का कधी? तिरकोजी पळाला बाजूला!

तिरका तिरका, तुरुतुरु!

आणि बगळ्याची चोच आपटली पितळी बत्त्यावर.

ठण्ण!

असा आवाज झाला, की समुद्रसुद्धा क्षणभर थांबला.

"माझा बत्ता!" स्वयंपाकघरातून काकी ओरडली.

"सापडला!" डबड्यावरून काका ओरडला.

दोघं धावत आली. काकीने बत्त्याचं एक टोक धरलं. काकाने दुसरं टोक धरलं.

"बघ," काका म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, इथेच कुठेतरी असेल?"

"नाही," काकी म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, कुठला बत्ता."

काका समुद्राकडे बघू लागला.

"अगं, सोड ना. जुनं बेअरिंग काढायचंय."

"मला मसाला कुटायचाय."

"जरासं ठोकतो आणि देतो."

"तुमचं जरासं मी परवापासून बघतेय." काकीने टोक काही सोडलं नाही. मग तिने तिरकोजीकडे पाहिलं. एवढासा जीव. मोडक्या ओट्याशेजारी धापा टाकत उभा. तिने जवळची टोपली उचलली आणि त्याच्यावर पालथी घातली. "तू बस आत. तो लांबनाक्या अजून इथेच आहे." मग ती काकाला म्हणाली, "पाच ठोके. मी मोजणार. सहावा नाही."

काकाने बत्ता जुन्या बेअरिंगला लावला. बत्त्यावर हातोडी मारली. काकी मोजू लागली. टोपलीतून तिरकोजीही मोजू लागला. तुम्हीही मोजा.

एक. ठण्ण! काही नाही.
दोन. ठण्ण! काही नाही.
तीन. ठण्ण! जरा हललं.
चार. ठण्ण! अर्धं आलं.
पाच. ठण्ण! आणि खाली पडलं. धप!

जुनं बेअरिंग निघालं! मग काय विचारता?

जुनं निघालं, तसा काकाने बत्ता दिला. काकीने तो साबणाने धुतला. पुन्हा साबणाने धुतला. मग चिंचेने घासला. मग हुंगून पाहिला. "आता बरा आहे," म्हणाली.

बत्ता मिळाला, तसा काकीने मसाला कुटला. ठक ठक, ठक ठक. लसूण, मिरची, कोकम. लाल लाल!

मसाला झाला, तशी सुरमई बाहेर आली. लाल शाल पांघरली. ठुमकत तव्यावर गेली. चुर्र!

सुरमई आली, तशी फ्रीजमध्ये जागा झाली. काका नवं बेअरिंग घेऊन आला.

"डब्यात!" काकी म्हणाली.

"घुर्र!" फ्रीज म्हणाला. म्हणजे त्याचंही तेच म्हणणं होतं.

काकाने बेअरिंग डब्यात घातलं. डब्याला झाकण लावलं. फ्रीजने डबा आत घेतला. बेअरिंग गारठू लागलं. कुडकुड कुडकुड. गारठायला बराच वेळ लागतो. तोवर सगळे जेवले.

मग काकाने गरम पाण्यात फडकं बुडवलं. गाडीतल्या बेअरिंगच्या घराला गुंडाळलं. घर झालं गरम. बेअरिंग झालं गार. घर जरा फुगलं. बेअरिंग जरा आकसलं.

सुळकन आत!

"बसलं!" काका ओरडला. "सांगितलं होतं, अर्ध्या तासाचं काम!"

काकीने बोटांवर दिवस मोजले. टोपलीत तिरकोजी हसला. खुदुखुदु.

बेअरिंग बसलं, तसा दांडा शिरला. ग्रीस लावून, सर्र!

दांडा शिरला, तसं चाक उठलं. काकाने ते दोन्ही हातांनी उचललं. दांड्यावर चढवलं. नट आवळले. कर्र कर्र कर्र.

चाक उठलं, तसं तिरकोजीचं दार उघडलं!

जरा दबलं होतं. जरा बुजलं होतं. पण होतं. काकीने टोपली उचलली. तिरकोजीने दोन नांग्या मारल्या, आणि दार मोकळं. आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. उगाच. आपलं दार आहे म्हणून.

मग तो बाहेर आला आणि ओट्याकडे बघत उभा राहिला. ओटा कुठे होता? नुसता खड्डा.

तिकडे काका जुनं बेअरिंग पुसत होता. पुसून खोक्यात ठेवत होता. त्या खोक्यात जुने नट होते, जुने पाने होते, एक जुना नळ होता.

"ते कशाला ठेवताय?" काकीने विचारलं.

"असू दे. कधीतरी लागतं."

"कधीतरी कशाला? आत्ताच लागलंय. आणा इकडे."

काकीने जुनं बेअरिंग घेतलं. जड, गोल, मध्ये भोक. ते नेलं आणि तिरकोजीच्या दारावर ठेवलं. बरोबर भोकावर भोक. भोवती वाळू थापली. थाप थाप थाप.

"ओटा मोडून बत्ता दिलास ना?" ती तिरकोजीला म्हणाली. "हा घे नवा. लोखंडी आहे. आणि आता दिसेल तरी सगळ्यांना, इथे कुणीतरी राहतं."

हे शेवटचं ती काकाकडे बघून म्हणाली.

जुनं बेअरिंग म्हणालं, "खर्र." म्हणजे त्याला जागा आवडली. गाडीत नुसतं फिरावं लागायचं. इथे बसायचं, आणि समोर समुद्र.

आणि बगळा? त्याची चोच दुखत होती. पण बत्ता वाजवला होता त्यानेच. म्हणून काकीने सुरमईची शेपटी त्याच्यापुढे टाकली. बगळ्याने ती गिळली. गटकन. मग गेला कुंपणावर. एक पाय वर घेतला.

संध्याकाळी काकाने गाडी चालू केली. चाक डुगडुगलं नाही. दांडा खडखडला नाही. गाडी वाळूत पळाली. भुर्र भुर्र! पुढे मोठी लाट आली. उंच, पांढरी, फेसाळ. काकाने गाडी थांबवली. जरा विचार केला.

आणि फोटो लांबूनच काढला.

तेव्हा घरी तिरकोजी आपल्या नव्या, लोखंडी, गोल गोल ओट्यावर बसला होता. समुद्राकडे बघत होता आणि हळूच म्हणत होता,

"जुनं एकदाचं निघालं,
काकाने बत्ता दिला,
काकीने मसाला कुटला,
सुरमई बाहेर आली,
फ्रीजने आत घेतलं,
नवं जागेवर बसलं,
दांडा आत शिरला,
चाक वर उठलं,
माझं दार उघडलं..."

मग तो आत गेला. तिरका तिरका, तुरुतुरु.

आणि कुंपणावर बगळ्याने, एकदाचा, दुसरा डोळा मिटला.

आता तुमचे दोन राहिलेत. तेही मिटा पाहू.